एका चुलीवर शिजवण्याची परवानगी

प्रति,
मा. पुरवठा अधिकारी साहेब,
तालुका कचेरी, यांचे सेवेशी.

अर्जदार : प्रभुदास दानिएल रणपिसे, राहणार बोरमाळ वस्ती, वडगाव रासाईनजीक, ता. शिरूर, जि. पुणे.

विषय : आमच्या वस्तीतील घरांना पुन्हा एकाच चुलीवर शिजवण्याची लेखी परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : निरीक्षक साहेबांची दि. ९ मार्च १९६६ रोजीची तपासणी.

महोदय,

१. वस्तीत लिहिता येणारा मी एकटाच, सबब सर्वांतर्फे अर्ज करतो. घरे तेवीस. चौदा धनगरांची, नऊ आम्हा ख्रिस्ती मंडळींची. गेल्या साली पाऊस नाही. जनावरे छावणीवर गेली, त्यामुळे शेण नाही, आणि शेण नाही तर गोवरी कुठली? म्हणून दिवाळीपासून गेणबा आप्पांच्या अंगणात एकच चूल ठेवली. कोणी रेशनच्या मिलोचे, म्हणजे त्या लाल परदेशी ज्वारीचे, पीठ आणी, कोणी हुलगे, कोणी बाभळीची मुळे. एकट्या माणसाचे ताट आधी वाढायचे, अशी रीत ठरली. त्या रीतीने विधवा अनसाबाई, वय सत्तर, रोज सर्वांआधी जेवत असे.

२. निरीक्षक साहेबांनी बावीस चुलींच्या राखेत हात घालून पाहिला. राख गार. कारण विचारले, तेव्हा मी मोठ्या दिमाखात बोललो की, साहेब, आम्ही सगळे एकाच घरचे. त्यांनी तसे लिहून घेतले. एका चुलीस एक रेशनकार्ड, या नियमाने बावीस कार्डे रद्द झाली. साहेबांविरुद्ध तक्रार नाही. हात दाखवून अवलक्षण मीच केले.

३. चुली वेगळ्या दिसल्यास फेरतपासणी करून कार्डे देऊ, असे कचेरीत तोंडी सांगण्यात आले. सबब दि. २० मार्चपासून तेवीस चुली पेटतात. गेणबा आप्पांनी गोठ्याचे दार फोडले, आम्ही प्रार्थनेचे दोन्ही बाक फोडले. पुष्कळ चुलींवर नुसते पाणी तापते. धूर मात्र रीतसर निघतो.

४. अनसाबाई शेजारच्या रतनबाईस सांगे, "म्या दबोराकडं खाल्लं." माझी पत्नी दबोरा हिला सांगे, "रतनकडं झालं माझं, तू पोरांचं बघ." दि. १४ एप्रिल रोजी ती वारली. त्या दिवशी दोघी एकमेकींशी बोलल्या, तेव्हा उलगडा झाला. सरपण नव्हते, म्हणून मूठमाती दिली. मला रडू आले नाही. खरे सांगतो साहेब, काहीच वाटले नाही, आणि त्याचीच आता भीती वाटते.

५. फेरतपासणी अद्याप झालेली नाही. आकडा चुकून कार्डे पुन्हा अडू नयेत म्हणून अनसाबाईची चूलही आम्ही पाळीपाळीने रोज सकाळी पेटवतो. आज दबोराची पाळी होती.

तरी विनंती की, एकत्र जेवलो तरी आम्हा उरलेल्यांस बावीस घरे धरावे. ते नियमात बसत नसल्यास फेरतपासणी तरी लवकर व्हावी. आणि तीही होणार नसेल, तर मयताची चूल विझवली तर चालेल काय, एवढे लेखी कळवावे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा नम्र अर्जदार,
प्रभुदास दानिएल रणपिसे
दि. २ मे १९६६

सोबत : घरप्रमुखांचे एकवीस अंगठे, मयताचे रद्द झालेले कार्ड.