तपासणीपुरता नेलेला प्रोजेक्टर

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? भावोजींचं रक्तदाब मोजण्याचं वेड कमी झालं का? (दर तासाला मोजला तर कुणाचाही वाढेल.) आम्ही इकडे ठीक. तुझी भावजय म्हणते, मी हल्ली दूधवाल्याकडेसुद्धा डोळे बारीक करून बघतो. बघतो! गेल्या महिन्यात माझ्यावर जे गुदरलं ते तिच्यावर गुदरलं असतं, तर तिने दूध प्रयोगशाळेत पाठवलं असतं. झालं काय ते तुला अर्धंच ठाऊक आहे, असं धरून मी लिहितो. (पूर्ण ठाऊक असेल तर तू आत्ता हसत असशील, आणि मग माझा संशय खरा.)

तर सातवीला हृदय शिकवायचं होतं. मी फळ्यावर काढलेलं हृदय गेली अकरा वर्षं मुलांना बटाटा वाटतं. एकदाचं त्यांना धडधडणारं हृदय दाखवायचं, वर्गासाठी प्रोजेक्टर मिळवायचाच, असं मी मनावर घेतलं. मुख्याध्यापक म्हणाले, "अवश्य मिळवा, शाळेची काही हरकत नाही." (म्हणजे दमडी मिळणार नाही.) खात्याकडे अर्ज केला, तो गहाळ झाला. मग तो गहाळ झाल्याचा अर्ज केला, तोही गहाळ झाला. विजेच्या सामानाचं दुकान असलेला एक माजी विद्यार्थी मात्र लगेच हो म्हणाला. लगेच हो म्हणणारा माणूस मला मुळात पसंत नाही. खोदून विचारलं तेव्हा कळलं की बदल्यात वर्गात त्याच्या दुकानाची पाटी लावायची होती, आणि ती फळ्यापेक्षा मोठी होती. शेवटी शाळांना साधनं देणारी एक संस्था सापडली. मुलं किती, यंत्रावर शिकवणार काय, बिघडलं तर बघणार कोण, तीन दुकानांची दरपत्रकं, सगळं त्यांनी मागितलं आणि मी आठ पानं भरून दिलं. अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं, "गरज पाहण्यासाठी आमचा माणूस केव्हाही येईल." बारीक अक्षर मी नेहमी दोनदा वाचतो. हेही दोनदा वाचलं, आणि तरीही व्हायचं ते झालंच.

एके दुपारी कार्यालयात फोन आला. शाळा किती वाजता भरते आणि यायचं कुठून, एवढंच विचारून समोरच्याने फोन ठेवला. आमचा कारकून पांढराफटक पडला. खात्याची तपासणी! तपासणी म्हटलं की काय होतं ते तुला सांगायला नको. तुमच्या शाळेचा पृथ्वीगोल आमच्याकडे येतो, आमचा सांगाडा तुमच्याकडे जातो. (त्या सांगाड्याने पाहिल्या तेवढ्या तपासण्या कुठल्या अधिकाऱ्याने पाहिल्या नसतील.) म्हणून त्या संध्याकाळी मी तुझ्या प्रयोगशाळेतला प्रोजेक्टर उचलून नेला. तू का म्हणून विचारलं नाहीस, कधी आणणार म्हणूनही नाही. हे मी तेव्हाच मनात टिपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ आले. साधा शर्ट, खांद्याला पिशवी, आणि चहा नको म्हणाले. चहा नाकारणारा अधिकारी किती घातक असतो! त्यांनी ओळखपत्र पुढे केलं, पण मी वाचलंच नाही. साध्या वेषात आलेल्या अधिकाऱ्याचं ओळखपत्र खोटंच असणार, ते वाचायचं कशाला? "मी नुसता बघायला आलोय, तुमचं चालू द्या," म्हणाले. मी चालू दिलं. भिंतीवर हे एवढं मोठं हृदय धडधडायला लागलं आणि ताई, खोटं नाही सांगत, अठ्ठेचाळीस मुलं एकदम गप्प झाली. पहिल्या बाकावरच्या मुलीने आपण होऊन छातीवर हात ठेवला, मग तिच्या शेजारणीने, मग सगळ्या वर्गाने. तेवढ्यात गृहस्थांनी हळूच विचारलं, "हे तुमच्याकडे कायम असतं?" मी डाव ओळखला. म्हटलं, "कायम! मुलांना तर आता कंटाळा आलाय." "आणखी काही लागतं का?" "छे, काही कमी नाही." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि जवळपास एखादी गरजू शाळा आहे का, असं विचारलं. ब्याद टळावी म्हणून मीच त्यांना फाटकापर्यंत सोडलं आणि तुझ्या शाळेचा रस्ता दाखवला. "तिथे फार हाल आहेत हो," असंही म्हणालो.

आठवड्याने संस्थेचं पत्र आलं. आपला वर्ग सुसज्ज आढळला, सबब अर्ज नामंजूर. मात्र स्वतःचा अर्ज बाजूला ठेवून शेजारच्या शाळेची गरज दाखवून देण्याचा आपला मोठेपणा आम्हाला फार भावला. त्या प्रयोगशाळेत रिकामं टेबल आणि लोंबती वायर एवढंच होतं, तेव्हा नवा प्रोजेक्टर त्या शाळेला मंजूर! मुख्याध्यापकांनी हे पत्र प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेपुढे वाचलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, करतो काय?

आता एवढंच सांग, त्यांनी त्या रिकाम्या टेबलाबद्दल विचारलं तेव्हा तू नेमकं काय म्हणालीस? "भावाने नेलाय" म्हणायला तुझी जीभ झिजली असती का? (तसं म्हणाली असतीस तर मी खोटा पडलो असतो, हे मला मागाहून सुचलं. तुला ते तेव्हाच सुचलं असणार.) मी कारकुनावर संशय घेतला, मुख्याध्यापकांवर घेतला, त्या दुकानदारावर घेतला, तुझ्यावर तर अजून आहेच. फक्त स्वतःवर घ्यायचा राहिला, आणि घोळ घातला तो नेमका त्याच माणसाने. असो. भावोजींना नमस्कार सांग, गुडघा शेकत जा.

तुझा धाकटा

ता. क. तुझा जुना प्रोजेक्टर सुखरूप आहे. परत करायला उशीर होतोय कारण मी तो पुसून देणार आहे.

आ. ता. क. पुसत नाही, रोज वापरतो. काल मुलांनी फुप्फुसं पाहिली, उद्या डोळा दाखवायचं कबूल केलंय. तास सुरू व्हायच्या आधी मुलं दारात येऊन उभी राहतात गं. इतक्या वर्षांत माझ्या तासाला असं कुणी आलं नव्हतं. तुला नवा मिळतोच आहे. हा आमच्याकडे राहू दे, परत मागू नकोस.

आणखी एक. त्याचा रिमोट तुझ्याच खणात राहिलाय. मी रोज बाकावर स्टूल चढवून बटण दाबतो. पत्र आणणाऱ्या शिपायाला सांगून ठेवलंय, रिमोट हातात पडल्याशिवाय तिथून हलायचं नाही.