दीड मिनिटात काय काय बोलणार?

पापा वेस्ट्रे बेट, मंगळवार

प्रिय थोराताई,

तुझ्या धाकट्या भावाचा मनापासून नमस्कार. गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला का? इकडे मी ठणठणीत, गाई ठणठणीत, मेंढ्यांचं विचारू नकोस (पाद्रीबाईंच्या बागेतला सगळा कोबी फस्त केला, दोन रविवार मला प्रार्थनेला मागच्या बाकावर बसावं लागलं).

दर मंगळवारी विमानाने पलीकडच्या वेस्ट्रे बेटावर कशाला तडफडतोस, असं तू परवा फोनवर विचारलंस. मी म्हणालो, पाव आणायला. ते खोटं होतं. (पाव खरे होते. अकरा झाले, आता कोंबड्यासुद्धा तोंड फिरवतात.) खरं असं, की आपल्या शाळेत व्हायोलिन शिकवायला दर मंगळवारी रोना येते आणि तीनच्या विमानाने वेस्ट्रेला घरी जाते. जूननंतर तिची बदली तुमच्या कर्कवॉलला. म्हणजे लग्नाचं विचारायचं तर त्याच्या आत. दिवसभर ती पोरांच्या गराड्यात, तेव्हा उरलं फक्त विमान.

आता अंतर जेमतेम पावणेतीन किलोमीटर, विमानाला लागतं दीड मिनिट, फार तर दोन. माझं भाषण गोठ्यात घड्याळ लावून म्हणून बघितलं, ते भरलं सव्वाचार मिनिटं. त्यातून जमिनीचा तपशील काढला, आईची आठवणही गाळली (माफ कर), तरी दोन मिनिटं दहा सेकंद. मग डोक्यात आलं, पश्चिमेचा वारा समोरून जोरात असला की विमान रेंगाळतं. तीन आठवडे मी वाऱ्याच्या मागे होतो. माणूस बिघडला, असं शेजारी उघड म्हणायला लागले.

आज वारा मिळाला. डोक्यावरची टोपी गेली, एवढा. पण आपला वैमानिक कॅलम उतारूंना वजन बघून बसवतो, हे मी साफ विसरलो. माझ्या पोटाकडे नीट बघून बेटा म्हणाला, "एरलंडकाका, तुम्ही पुढे, माझ्याशेजारी." रोना गेली पार मागे. म्हटलं, आता माघार नाही. मान वळवून इंजिनाच्या घरघरीत जीव तोडून ओरडत राहिलो. शेवटच्या वाक्याला आलो, विमान टेकलं, कॅलमने इंजिन बंद केलं, आणि त्या शांततेत माझा आवाज घुमला, "आणि पलंग दोघांना ऐसपैस पुरेल!"

विमानात पाद्रीबाईही होत्या.

मेल्याहून मेल्यासारखं झालं गं. खाली मान घालून बाराव्या पावाकडे निघालो, तर मागून रोना आली. म्हणाली, "पलंगाच्या आधीचं काहीच ऐकू आलं नाही. पहिल्यापासून सांगायचं असेल, तर शनिवारी माझ्याबरोबर बोटीने चला. पंचवीस मिनिटं लागतात."

गुडघा शेकत जा. भाऊजींना माझा राम राम सांग.

तुझा वेंधळा,
एरलंड

ता. क. पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहिलंच. बोट लागू नये म्हणून घेतात त्या गोळ्या शुक्रवारच्या विमानाने नक्की पाठव. बोटीत पाय ठेवल्यावर माझं काय होतं, ते तुझ्या लग्नाच्या दिवशी सगळ्या वऱ्हाडाने बघितलंय.

ता. क. दुसरं. आत्ताच रोनाचा फोन येऊन गेला. धीर करून सांगितलं, की मला बोट लागते. तर म्हणते, "मग ओकत ओकत विचारा. मला हो म्हणायला कितीसा वेळ लागणार आहे?" गोळ्या राहू देत, ताई. तूच ये.