मढहून मागणी आहे

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी साडेदहा.
आजपासून वही. फक्त माझ्यासाठी. मी चंदर घाडी, वय चोपन्न, मुलुंड पूर्व, तिसरा मजला.
भांडुपच्या कंपनीत प्रेस शॉपला अठ्ठावीस वर्षं पत्रा कापला. कंपनी बंद होऊन दीड वर्ष झालं. लोक विचारतात, आता काय करतोस? आता उत्तर आहे. व्हिनाइल रेकॉर्ड जमवतो. एकूण तीनशे बारा. बहुतेक जुन्या, कोणी न बघितलेल्या सिनेमांच्या. लोक त्याला कल्ट म्हणतात.
संकल्प: रोज एक रेकॉर्ड पूर्ण ऐकायची. दोन्ही बाजू. डोळे मिटून.
नमिता किचनमधून काहीतरी म्हणाली. मी हो म्हणालो. संसार असाच चालतो.

४ नोव्हेंबर.
डोळे मिटले. झोप लागली. रेकॉर्ड उत्तम.

६ नोव्हेंबर, गुरुवार.
देवनारला काशीरामच्या भंगाराच्या दुकानात गेलो. मोठा दिवस. 'शैतान का टेलिफोन'चा एलपी मिळाला! बाराव्या वर्षी बाबांबरोबर हा सिनेमा बघितला होता. भूत आलं की बाबा माझे डोळे झाकायचे. कान झाकायचं त्यांना सुचलं नाही. तेव्हापासून ते म्युझिक शोधतोय. कव्हरवर हिरवा हात आणि काळा रिसीव्हर. झकास. आतल्या तबकडीचं लेबल सोललेलं आहे, पण मला लेबलची गरज नाही.
काशीराम कव्हरबद्दल काहीतरी सांगत होता. ट्रक गेला. म्हटलं, पॅक कर.

७ नोव्हेंबर.
ऐकली. थोडी अंधुक आहे. भुताचं म्युझिक असंच हवं, लांबून आल्यासारखं. सुरुवातीला एक पुरुष बराच वेळ एकटाच बोलतो. व्हिलन असणार. मागून मधूनच चिरके आवाज. अतृप्त आत्मे. शब्द कळत नाहीत, पण भीती पोचते.
अ‍ॅम्प्लिफायर वीक झालाय. व्हॉल्यूम फुल केला तरी मध्यमच येतो. हल्लीच्या वस्तूंत दम नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार.
खालच्या मजल्यावरची अपूर्वा दारात आली. सीएचा अभ्यास करते. हातवारे करून बोलत होती, मध्येच दोन्ही हात कानांवर ठेवले. एवढी तल्लीन श्रोती आपल्याच बिल्डिंगमध्ये! तिला पाहूनच सुचलं. घरी 'व्हिनाइल संडे' करायचा. तारीख २३. चहा, पोहे, प्रस्तावना, मग 'शैतान'ची दोन्ही साइड.
नोटीस बोर्डावर कागद लावला. जान्हवीला सांगितलं, मोबाइलवर पण टाक. एकुलती एक मुलगी. सव्वीसची आहे, गोरेगावला नोकरी करते, तिला ते सगळं येतं.

१० नोव्हेंबर.
बोर्डावरचा कागद गायब. कोणीतरी आठवण म्हणून नेला असावा.
नमिताने माझ्या कानाकडे बोट दाखवून डॉक्टर, डॉक्टर असं काहीतरी म्हटलं. तिला सांगितलं, माझे कान मशीनवर तयार झालेत. कंपनीच्या मेडिकलला दरवर्षी 'फिट' यायचं. शेवटची काही वर्षं मी मेडिकलला गेलो नाही, पण फिट तो फिट. प्रॉब्लेम लोकांचा आहे. मोबाइलमुळे सगळे पुटपुटायला लागलेत. टीव्हीवरच्या बातम्याही पुटपुटतात.

१२ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळी.
रिस्पॉन्स आला!
जान्हवी ऑफिसातून आली आणि माझ्यासमोर स्टूल घेऊन बसली. आत नमिताचा मिक्सर चालू होता. जान्हवी बरंच बोलली. मढ, रविवारी तेवीसला, चौघं येतील, एवढं स्पष्ट आलं. मग म्हणाली, मागणी... पुढचं मिक्सरमध्ये गेलं. पण मुद्दा कळला. मढहून मागणी आहे. एक कागद लावला आणि थेट वर्सोव्यापलीकडच्या मढपर्यंत!
शेवटी तिने विचारलं, 'चालेल ना पप्पा?'
म्हटलं, 'चालेल काय, झकास! येऊ देत सगळ्यांना.'
ती रडायला लागली. गळ्यात पडली. लहानपणानंतर पहिल्यांदाच. एका प्रोग्रामसाठी एवढं इमोशनल होणं बरं नाही, पण कलेच्या बाबतीत ती माझ्यावर गेलीय. मला काय करावं कळेना. पाठीवर थापटलं. आत काही विशेष वाटलं नाही. कंपनी बंद झाली तेव्हाही वाटलं नव्हतं. मी स्थिर माणूस आहे.

१८ नोव्हेंबर.
नमिताने पडदे धुतले. नवीन कप काढले. रेकॉर्डचे खोके बाल्कनीत टाकले ते आवडलं नाही, पण एकूण उत्साह बघून गप्प बसलो. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिला प्रथमच माझ्या छंदाची किंमत कळली.

२२ नोव्हेंबर, शनिवार.
प्रस्तावनेची रिहर्सल आरशासमोर केली. तेरा मिनिटं. नमिता मध्ये येऊन म्हणाली, उद्या जास्त बोलू नका. आर्टिस्टच्या घरच्यांना कधीच पटत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी साडेसात.
व्हिनाइल संडे झाला. आठवतंय तोवर सगळं लिहितो.
पाचची वेळ होती, साडेचारलाच चौघं हजर. भीमराज म्हणून साठीचे गृहस्थ. कोळी, स्वतःच्या दोन होड्या. त्यांची बायको प्रेमाबाई, अंबाड्यात अबोलीची वेणी. मुलगा कृणाल, तिशीचा, इस्त्रीचा शर्ट. आणि कृणालची आत्या. नारळ, पेढे आणि बर्फात घातलेले दोन मोठे पापलेट घेऊन आले. एंट्री फ्री आहे असं कागदावर लिहिलं होतं, पण कोळी माणूस रिकाम्या हाताने येत नाही.
जान्हवी साडीत. रेट्रो थीम मी सुचवली नव्हती, तिला आपोआपच सुचली. सगळ्यांना चहा तिने दिला.
प्रस्तावना अर्ध्यावर तोडावी लागली, नमिता चिमटे काढत होती. मग 'शैतान' लावली. फुल व्हॉल्यूम. प्रेमाबाईंनी भीतीने पदर तोंडाला लावला, खांदे हलत होते. कृणाल जमिनीकडे बघत राहिला. आत्या नमिताकडे बघत होती. भीमराज मात्र खरे रसिक. सुरुवातीपासून शेवटपर्यंत हसतमुख.
साइड संपली. मी रेकॉर्ड उचलून पुसत होतो. भीमराजांनी खुर्ची पुढे ओढली, जान्हवी उभी होती त्या बाजूला हात केला, काही बोलले. शेवटचं स्पष्ट आलं. 'मंग आमाला देता ना?'
मला शंका होतीच. असे लोक ऐकायला म्हणून येतात आणि न्यायला बसतात. रेकॉर्ड छातीशी धरली.
'ही मी कुणालाच देणार नाही,' म्हणालो. 'इतकी वर्षं जपलीय ती काय देऊन टाकायला? आणि तुमच्या त्या खाऱ्या हवेत हिची वाट लागेल. तुम्हाला हिला हाताळता पण येणार नाही.'
ठाम बोललो, पण आदराने.
जान्हवी आत गेली, दार लावलं. प्रेमाबाई उठल्या, कृणाल उठला. भीमराज एकटेच खुशीत होते. त्यांनी मला हात जोडले, मीही जोडले. सहाच्या आत सगळे गेले. साइड बी राहिली. पोहे उरले.
एकूण यशस्वी.

२४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी अकरा.
घरात कोणी बोलत नाही. म्हणजे ओठच हलत नाहीत, हे नक्की.
जान्हवी बॅग घेऊन तिच्या मैत्रिणीकडे, दिपालीकडे, पवईला गेली. मी म्हटलं, ऑफिसचं काम असेल. तेव्हा नमिताने लाइट बिलाच्या मागे लिहून माझ्यासमोर ठेवलं. जसंच्या तसं उतरवतो.
'ते जान्हवीला मागणी घालायला आले होते. कृणालसाठी. बारा तारखेला तिने तुम्हाला सगळं सांगितलं, तुम्ही झकास म्हणालात. काल तुम्ही कोणाला नाही म्हणालात ते कळलं का? आणि ती रेकॉर्ड सिनेमाची नाही. कोंबड्यांचे रोग आणि उपाय, भाग पहिला. हेही मी तीनदा सांगितलं. तुम्ही हो म्हणालात. पंधरा दिवस सगळी बिल्डिंग ऐकतेय. अपूर्वाला राणीखेत रोग तोंडपाठ झालाय.'
चार वेळा वाचलं. काही वाटलं नाही. चहा घेतला.
गैरसमज दोन्ही बाजूंनी झालाय. मिक्सर मी लावला नव्हता.

२६ नोव्हेंबर.
जान्हवी फोन उचलत नाही. उचलला तरी उपयोग काय, हा विचार प्रथमच आला. तो बाजूला ठेवला.
नमिता जवळ बसून, जोरात, तोंड माझ्याकडे करून बोलली. अशी बोलली की सगळं कळतं. तेच मला नको होतं. म्हणाली, आत्याने गावभर केलंय की घाडी म्हणाले, तुमच्या खाऱ्या हवेत आमच्या मुलीची वाट लागेल. म्हणाली, जान्हवी म्हणते, पप्पांनी मुद्दाम केलं, त्यांना कोळी नको होते.
'मी असं कधी म्हणालो?'
'तुम्ही कधी काय म्हणालात आतापर्यंत?' नमिता म्हणाली.
संकल्प: मढला जायचं. स्वतः. माफी पाच वाक्यांत.

२९ नोव्हेंबर, शनिवार.
वर्सोव्याहून होडीने पलीकडे गेलो. वाक्यं पाठ. भीमराज किनाऱ्यावरच होते, होडीचं इंजिन चालू करून आत वाकलेले. मी पाचही वाक्यं म्हटली. ते म्हणाले, 'आं?' मग त्यांनी काही विचारलं. मी म्हणालो, 'काय?' त्यांनी परत विचारलं. आजूबाजूला सुकत घातलेल्या बोंबलांपाशी बसलेल्या बायका हसायला लागल्या.
शेवटी त्यांनी इंजिन बंद केलं. शर्टाच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीत कानाचं मशीन. ते कानात घातलं आणि म्हणाले, 'हां, आता बोला.'
परत पाच वाक्यं. चौथ्याला अडकलो.
ते म्हणाले, चाळीस वर्षं इंजिनाजवळ उभा हाय, दोन्ही कान गेले. मशीनला खारं पाणी चालत नाही म्हणून खिशात. मुलुंडला घालायचं विसरले. 'मी समजलो, तुमी देतो बोल्लात. मी रस्त्याभर खुश. घरी आल्यावर हिनं सांगितलं, नाय बोल्ले.' आणि एवढे हसले की मशीन बाहेर आलं.
मी सांगितलं, मी रेकॉर्डबद्दल बोलत होतो. मुलगी दिली.
'कोंबड्यांची ना?' ते म्हणाले. प्रेमाबाईंनी सांगितलं असणार.
मग समुद्राकडे बघत त्यांनी विचारलं, पोरीनं दोन वर्सांपूर्वी कृणालचं पयल्यांदा सांगितलं तेव्हा पन तुमी हो बोल्लेलात ना? ती सांगत होती, पप्पा झकास बोल्ले.
हो म्हणालो.
मला आठवत नाही. दोन वर्षांपूर्वी कंपनी होती, रेकॉर्ड होत्या. ती स्टुलावर बसली होती का, तेही आठवत नाही.
येताना त्यांनी सुके बोंबील दिले. म्हणाले, कान दाखवा. म्हटलं, फिट आहेत.

४ डिसेंबर, गुरुवार.
कानाच्या डॉक्टरकडे. फक्त नमिताच्या समाधानासाठी. काचेच्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन लावले, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी साधारण तालात दाबत राहिलो. चांगले मार्क पडणार याची खात्री होती.
डॉक्टरने कागद दाखवला. रेघ डावीकडून निघते आणि घसरगुंडीसारखी खाली जाते. त्याने विचारलं, कंपनीत कानात प्लग घालत होता का? म्हटलं, कंपनी द्यायची. ते भित्र्यांसाठी होते.
त्याने हे लिहून घेतलं नाही.

१५ डिसेंबर, सोमवार.
मशीन लागलं. दोन्ही कानांना. माझ्या चपला वाजतात. फ्रिज बोलतो. पेपर उलटताना पत्रा फाटल्यासारखं होतं. नमिता चालताना तिचा गुडघा कट् वाजतो. कधीपासून? ती म्हणाली, चार वर्षं.
दुपारी रेकॉर्ड लावल्या. खरखर. दुसरी लावली, खरखर. सतराव्या रेकॉर्डला सुई एकाच शब्दावर अडकली. गाणी आहेत, पण मागे; पुढे कोणीतरी शेव तळत असल्यासारखं. मी यांना 'मिंट कंडिशन' म्हणून सोसायटीभर सांगत होतो.
काशीरामला फोन केला. म्हणाला, 'साहेब, मी तेव्हाच बोललो होतो, कव्हर एकाचं, आतला माल दुसऱ्याचा. तुम्ही म्हणालात, पॅक कर.' शब्द न् शब्द आला.
बाल्कनीतले खोके तसेच ठेवले. विकायचे का, ते ठरवलं नाही.

२१ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी.
जान्हवी घरी आली. भीमराजांनी तिला किनाऱ्यावरचं सगळं सांगितलं होतं. साखरपुडा फेब्रुवारीत, मढला. परवा प्रेमाबाई येऊन नमिताबरोबर सगळं ठरवून गेल्या. मी हजर होतो. ऐकत होतो. खरंच.
चहा झाल्यावर जान्हवी समोर बसली. मिक्सर बंद, टीव्ही बंद, नमिता दाराशी उभी. जान्हवी नेहमीच्या आवाजात म्हणाली, 'पप्पा, मला खरं सांगा. मी जाणार, त्याचं तुम्हाला काय वाटतं?'
मशीन चालू होतं. सेल नवे होते. सगळं आलं. तिचा आवाज शेवटी थोडा कापला, तोही आला.
मी आत उत्तर शोधलं. बराच वेळ शोधलं. दोघी बघत होत्या.
मग मी कानामागे हात धरला आणि म्हणालो, 'काय?'
जान्हवी स्टूल पुढे ओढून जवळ आली आणि पहिल्यापासून, मोठ्याने, सावकाश सांगायला लागली.