चाकाला लावलेलं कुलूप

मी, सायकलींची कुलपं करून आणि दुरुस्त करून घर उभं केलेला माणूस, उशीला टेकून पण पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी दटावलेलं नाही, फूस लावलेली नाही. छाती गेली आहे, डोकं जागेवर आहे, आणि स्वयंपाकघरातली कुजबुज अजून इथवर ऐकू येते. तेव्हा माझ्यामागे ‘म्हाताऱ्याला काही कळत नव्हतं’ असं कोणी म्हणू नये.

१. माझी स्थावर व जंगम मिळकत सर्वस्वी स्वकष्टार्जित आहे. सुरुवात फुटपाथवर, एक गोणपाट आणि एक कानस यांवर झाली. वाटणीत तोंड घालायचा हक्क म्हणूनच कोणाला नाही.

२. दुकान, मालासकट, चिरंजीवास. वायरची कुलपं ‘मजबूत’ म्हणून विकायची नाहीत. पक्कड लावली की ती सुतळीसारखी तुटतात. त्यांवर माझा छाप मारा म्हणून मागे लागलेला घाऊक व्यापारी भेटायला येईल. त्याला बाहेरच्या बाहेर चहा पाजून वाटेला लावावं. आणि बाळा, किल्लीच्या भोकात तेल ओतणाऱ्या गिऱ्हाइकावर खेकसू नकोस. तेल धूळ धरतं, पेन्सिलीचं शिसं किसून फुंका, हे गोड बोलूनही सांगता येतं.

३. माझ्या कानशी आणि लहान हातोडी लेकीला. कुलूप कानाशी धरून आत काय अडतंय ते ती सांगायची. चिरंजीवाला ते ऐकू येत नाही. त्यात त्याचा दोष नाही, पण हत्यारं तिचीच.

४. खिडकीच्या गजाला कुलपाने अडकवलेलं सायकलचं पुढचं चाक. याची हकीकत लिहिणं भाग आहे, कारण पुढचं कलम त्यावर उभं आहे.

लेकीला शेजारच्या गावच्या कारखान्यात काम लागलं. भावाला ते पटेना. हजर व्हायच्या दिवशी त्याने तिची सायकल गजाला अडकवली, माझं सगळ्यात पक्कं कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

“आता जा बघू कशी जातेस!”

“दादा, मी काय तुझ्या दुकानातला माल आहे, कुलूप लावून ठेवायला?”

तो अंघोळ करून आला तर गजाला नुसतं चाक. सायकल गायब. कुलूपवाल्याच्या पोराने कुलूप फ्रेमऐवजी चाकाला लावलं होतं! दोन नट सैल केले की चाक राहतं आणि सायकल जाते, हे आमच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत आलो. त्या दिवशी मी पोट धरून हसलो. त्यानंतर या घरात तसं कोणी हसलेलं नाही. “गेली ती गेली, आता दार बंद,” असं म्हणून चिरंजीवाने घरालाही माझंच कुलूप लावलं. तिच्या आईला फोन यायचे, पुढे तेही थांबले.

दुसरं चाक तिला कोणी दिलं ते मी विचारलं नाही. ते मापाचं नव्हतं एवढं मात्र कळलं. ब्रेकचा रबर घासत होता. कोपऱ्यावर वळेपर्यंत ऐकू येत होतं, खर्र, खर्र.

५. मी अंथरूण धरल्यानंतरची एक दुपार. पत्नी औषधं आणायला, चिरंजीव दुकानात, दाराला बाहेरून कुलूप. गल्लीत तोच आवाज आला. इतक्या वर्षांत रबर बदलले असतील, चाक नाही. आवाज दाराशी थांबला. कुलूप उचललं गेलं. मग बराच वेळ काहीच वाजलं नाही, म्हणजे तिने ते कानाशी धरलं असणार. पण ते कुलूप कानाने उघडत नाही. मीच ते तसं केलं होतं आणि गावभर त्याचा टेंभा मिरवला होता. हाक मारू गेलो तर नुसता खोकला आला. कुलूप हळूच कडीवर टेकलं, आणि खर्र, खर्र, लांब.

चिरंजीवाला सांगितलं तर म्हणतो, “बाबा, औषधांचा अंमल आहे. भास झाला तुम्हाला.” माझ्या कानांवर आजवर कोणी शंका घेतली नव्हती. पत्नीस हे ठाऊक नाही. कळलं तर ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही.

६. सबब, राहतं घर पत्नीस तहहयात, नंतर लेक आणि चिरंजीव यांना निम्मं निम्मं. माझ्या पश्चात पत्नी हयात असेतो दाराला कुलूप लावायचं नाही. नुसती कडी, तीही आतून नाही. चोरी झाली तर होऊ दे. या घरातून जायचं ते गेलं आहे. चिरंजीवाने ही अट मोडल्यास दुकान पत्नीकडे जाईल. गजावरचं कुलूप करवतीने कापू नये. ज्याने लावलं त्यानेच, ती समोर असताना, किल्लीने उघडावं. फार उशीर लावू नये. कुलूप टिकेल, ते माझं आहे. चाकाच्या तारा गळायला लागल्या आहेत.

७. समोरचा पंक्चरवाला इथे साक्षीदार आहे, त्यामुळे कायद्याने त्याच्या नावे काही ठेवता येत नाही. नाहीतर त्याचं एक पुढचं चाक मी देणं लागतो. चपापू नकोस रे, तुझ्या दुकानातून एक चाक कमी झालेलं मला इथून दिसत होतं. तुला एवढंच सांगणं: गल्लीत तो आवाज आला तर हातातलं काम टाकून रस्त्यात आडवा हो. तिला सांग, दार नुसतं लोटलेलं आहे.

ठिकाण : राहत्या घराची गल्लीकडची खोली
दिनांक : डॉक्टरांनी शिक्क्याखाली घातली आहे ती
(सही) कुलूपवाला

साक्षीदार :
१. (सही, शिक्का) उपचार करणारे डॉक्टर. लिहिणार शुद्धीवर असल्याची खात्री केली. त्यांनी आमच्यासमोर सही केली.
२. (सही) समोरचा पंक्चरवाला. माझ्यासमोर सही केली. काका, मापाचं चाक काढून ठेवलं आहे.