अंगठी काढणार नाही

११ ऑगस्ट. किरुना, उत्तर स्वीडन.
पोहोचलो. मोठ्या फुग्याला टांगून आकाशात सोडायचं, ओझोन मोजणारं माझं यंत्र सुखरूप. माणसांबद्दल न लिहिलेलं बरं. फुगे सोडणाऱ्यांची प्रमुख कुणी गुनवोर निएमी. पहिल्याच भेटीत मला नुसतं 'तोर्केल' म्हणाली. डॉक्टर वगैरे काही नाही. संकल्प: दुर्लक्ष करणे.

१४ ऑगस्ट, सकाळी ९.
वारा. उड्डाण रद्द. मंडळी खुशाल कॉफी आणि दालचिनीचे बन हाणत बसली. हवामानवाला इसाक रोज एक छोटा रबरी फुगा सोडून वरचा वारा बघतो. पोरखेळ.
मोठा फुगा ठेवलेल्या शेडच्या दाराशी एक वाडगं आहे. घड्याळं, अंगठ्या त्यात काढून आत जायचं, कारण मोठ्या फुग्याचं प्लास्टिक फार पातळ. मी डॉक्टरेटच्या समारंभात विद्यापीठानं दिलेली सोन्याची अंगठी काढली नाही. सतरा वर्षांत काढलेली नाही. मग फुग्याला हात लावू नकोस, गुनवोर म्हणाली. ते हमालांचं काम, असं सुनावलं.

१९ ऑगस्ट.
वारा. विद्यापीठातून फोन: या मोसमात यंत्र वर गेलं नाही तर प्रोजेक्ट बंद. आठ वर्षांचं काम. छातीत धडधडलं. इथली कॉफी फार कडक.

२३ ऑगस्ट, सकाळी ६.
वारा पडला! दोनशे मीटर लांबीचा फुगा मैदानावर अंथरला. हेलियम भरताना मला एक सुरकुती दिसली. यांच्यापैकी एकाचंही लक्ष नाही. शेवटी मीच पुढे होऊन हातानं सरळ केली. गुनवोर केवढ्यानं ओरडली. बाईला आवाजावर ताबा नाही.

दुपारी १.
चाळीस किलोमीटर उंच जायचा फुगा अकरा किलोमीटरवरच थांबला. उतरतोय. कारखान्याचा दोष. कडक पत्र लिहिणार.

२५ ऑगस्ट.
हेलिकॉप्टरनं फुगा आणला. ठिकठिकाणी फाटलेला. पहिली चीर कुठली, कोण सांगणार?
"हात दाखव, तोर्केल," गुनवोर म्हणाली.
दाखवला नाही. खिशात होता. थंडी होती.

२६ ऑगस्ट.
प्रोजेक्ट बंद.
साबण लावून अंगठी काढली. तिच्यावरच्या पानांच्या नक्षीत प्लास्टिकचा एक कपटा अडकलेला.
शेडवर गेलो. मोसम संपला, वाडगं रिकामं. अंगठी त्यात टाकली. गुनवोर आत झाडत होती, आवाज ऐकून तिनं वर पाहिलं.
"ये," म्हणाली. "आता कशालाही हात लाव."
आत फक्त फरशी होती.