वाघिणीचे जवाब

ता. २९ जानेवारी, फुलचूर
सकाळपासून एकच क्लिप, ज्या-त्या गटावर. दुय्यम कव्वाली सामना, दोन पार्ट्यांत समोरासमोर सवाल-जवाब. नागऱ्याचे ताराचंद कव्वाल हार्मोनियमवरचा हात उचलून समोरच्या पार्टीतल्या प्रणालीला विचारतात,

चूल विझवून, पदर खोचून, माइकपाशी काऊन आली?
तव्यावरची भाकर, बाई, कोणाच्या भरवशावर टाकली?

इथेच कापलेली. खाली शिव्यांचा पाऊस. प्रणालीचा जवाब वेगळा कापून फिरतो आहे, 'वाघीण' या नावाने, मागे डरकाळी जोडून:

भाकर तुह्याच भरवशावर टाकून मी आली,
करपली असन तं सांग, तुले उलटवता नाही आली?

जवाब फर्मास. माझ्या हाताखाली वादविवाद शिकलेली पोरगी आहे, अभिमान वाटला. स्टेटसला लावला.
सवाल मात्र डोक्यात गेला. निळ्या मंडपात बसून बाईला चूल दाखवायची. चिचगडच्या बुद्धविहाराचा वर्धापन दिन ८ फेब्रु.ला. आधी माझं भाषण, मग याच दोघांचा सामना. बघते.

ता. ३० जाने.
चिचगडहून भोजराजभाऊंचा फोन. उत्सव समितीचे अध्यक्ष. "मॅडम, आमी ताराचंदले काढून राहिलो. वाघीण एकटीच गाईन. तुमी भाषणात त्याचा असा समाचार घ्या, का पुन्हा कोण्या कव्वालाची हिंमत नाही झाली पायजे."
म्हटलं, समाचार मी ऑर्डरवर घेत नाही. मला वाटला तर घेते.
वाटतच होता. मुद्दे काढायला बसले. पहिलंच वाक्य उत्तम जमलं. सुधाकर चहा ठेवून म्हणाला, "भात टाकला आहे. वरण आंबट करू का गोड, तेवढं सांग, मग क्रांती कर." लग्नाआधीही असाच होता.

ता. ३१ जाने.
प्रणाली आली. स्कूटीवरून, तोंडाला स्कार्फ. आता रस्त्यात ओळखतात तिला, सेल्फी मागतात.
"मॅडम, चिचगडला ताराचंद काकाजीबद्दल काही बोलू नका."
"काऊन? भीती वाटते?"
"तो जवाब त्यांचाच आहे."
मला कळेना. मग तिने सांगितलं. सवाल ताराचंद लिहितात आणि त्यावरचा जवाबही तेच लिहितात. सामन्याआधी फोनवर तिला गाऊन पाठवतात. सवाल जाणूनबुजून असा करतात की जवाब चढला पाहिजे. मंचावर मान खाली घालून बसतात, तेही ठरलेलं. ती त्यांच्या कोरसमध्ये टाळ्या द्यायची. त्यांनीच वेगळी पार्टी काढून दिली, बँजोवाला सुद्धा आपला दिला.
"मग सांग की लोकांना."
"सांगितलं तं मी काय राहीन, मॅडम? माणसानं लिहून दिलेली वाघीण?"
"आणि नाही सांगितलं तर ते काय राहतील?"
रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. पाणी न पिता गेली.
स्टेटस अजून होता. काढून टाकला.

ता. २ फेब्रु.
नागऱ्याला गेले. देवळाच्या अलीकडे घर. ताराचंद ओट्यावर वालाच्या शेंगा निवडत होते. सुनेला ड्युटी, म्हणून स्वयंपाक यांच्याकडे. ज्या माणसाला जिल्हा चुलीवरून शिव्या देतो आहे, तो.
मी सरळ विचारलं, लोक तुम्हाला बायकांचा शत्रू म्हणतात, तुम्ही गप्प का?
"सामन्यात एकाले वाईट व्हा लागते, मॅडम. दोघंही चांगले झाले तं तो सामना कायचा? सत्कार होते तो." हसले. "मी सवाल पचपचीत केला, तं पोरीच्या जवाबाले धार कोठून येईन?"
"हे खोटं आहे."
"तुमी भाषणात मधातच थांबता, डोळे मिटता. पब्लिकले वाटते मॅडमले भरून आलं. मले मालूम आहे तुमी कोठं थांबता ते. ऐकून राहिलो ना तुमाले कितीक वर्षापासून."
खरं आहे. थांबते. जागा ठरवून थांबते, आणि त्याची लाज वाटत नाही. मंचावर उभा राहिलेला माणूस घरच्यासारखा दिसत नाही, दिसूही नये. बोलायचं ते पोचवायला थोडं सोंग लागतं. पण थांबण्याआधीचं वाक्य माझं असतं. हे मी त्यांना ठणकावून सांगितलं.
शेंग मोडता मोडता म्हणाले, "हे बरोबर हाय."
एवढंच. पण तिथून उठता उठता माझं ठरलं.

ता. ४ फेब्रु.
तीन फोन.
भोजराजभाऊंना: ताराचंद नसतील तर मी नाही. "मॅडम, पब्लिक बिगडन." म्हटलं, बिघडू द्या, मी असेन.
ताराचंदना: चिचगडला सवाल घेऊन या. जवाब पाठवू नका.  मग, "पोरगी पडली तं?" म्हटलं, तुमचे शब्द घेऊन उभी राहते ते उभं राहणं नव्हे. "पडली तं तुमी उचलसान?" म्हटलं, उचलीन.
प्र.ला सगळ्यात शेवटी. चिडली. "तुमी दोघांनी मिळून ठरवलं. मले कोणी विचारलं का?" बरोबर आहे तिचं. म्हटलं, आता विचारते.
फोन ठेवला तिने. रात्री एक ओळ आली: येईन. पण तो जवाब कोणाचा ते मंचावरून सांगायचं नाही. शब्द द्या.
मला हे पटत नाही. सत्य माहीत असून गप्प राहणं माझ्या स्वभावात नाही. तरी शब्द दिला. ते सत्य तिचं आहे, तिने सांगावं.

ता. ९ फेब्रु.
कालचं लिहून ठेवते.
चिचगड तुडुंब. देवरीपासून गाड्या लागलेल्या. भाषण चढलं. ताराचंदांबद्दल अवाक्षर नाही, क्लिपबद्दल मात्र बोलले: अर्धा सामना पाहून माणूस ठरवू नका, जिथे कापलं तिथे कात्री कोणाची होती ते विचारा. टाळ्या आल्या. पुढच्या रांगेत भोजराजभाऊ घड्याळ बघत होते.
ताराचंद चढले तेव्हा पोरांनी हूट केलं. ते शांतपणे हार्मोनियमचा भाता मोकळा करत बसले. मग सवाल टाकला. चूल नाही, भाकर नाही:

वाघीण म्हणते दुनिया तुले, फोनामंदी डरकाळी,
खरं सांग या मंडपात, नखं कोणापासून आणली?

 हा माणूस तेच विचारत होता. सगळ्यांदेखत.
प्र.चा चेहरा पांढरा. कोरसने ध्रुपद धरलं. पुन्हा धरलं. बँजोवाला तिच्याकडे बघतो, ती जमिनीकडे. उठून जाते की काय असं वाटलं. मी खुर्चीतून अर्धी उठलेली. मग आवाज आला. पहिली ओळ तालात बसली नाही, तुटली, तिने ती पुन्हा घेतली:

नखं तुह्यापासून आणली, तूच धार लावून देल्ली,
आज तुह्याच अंगावर आली, तं मान खाली काऊन गेली?

ताराचंदांची मान खाली नव्हती. ते तोंड उघडं ठेवून तिच्याकडे बघत होते. ओळ ऐकल्यावर मग घातली. डोळे पुसले की काय, दिव्यात नीट दिसलं नाही.
तिने सांगून टाकलं. माझ्याकडून शब्द घेतला आणि स्वतः माइकवर, तालात. मी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. एकटीनेच, हे नंतर लक्षात आलं.
पुढचं नीट जमलं नाही. दोन सवालांना ती अडली, एका ठिकाणी चक्क हरली. लोक उठून पानठेल्याकडे जाऊ लागले.
निघताना भोजराजभाऊ. "मॅडम, राग नका मानू, आज मजा नाही आली. सगळं ठरवून होतं."
"आज काहीच ठरलेलं नव्हतं."
"राहू द्या जी. समजते आमाले. ठरल्याबिगर तो कायले स्वतःले नखं देणारा म्हणवून घेईन? अन् ते अडखळायची ॲक्टिंग, एक नंबर. पण मागचा सामना पाहा, क्लिपमधला. तो असली होता."
वाद घातला. भरपूर घातला. ते ऐकत होते, जसं पाहुण्यांचं ऐकतात.

ता. ११ फेब्रु.
चिचगडची क्लिप कोणी फिरवत नाही. जुनीच फिरते आहे.
सुधाकर म्हणतो, "तुझा प्रयोग फसला." अजिबात नाही. लोकांना खरं ओळखता आलं नाही, हा लोकांचा प्रश्न. मी तिथे होते. पोरीने स्वतःची ओळ स्वतः काढली, ती काढताना तिचा जीव कसा गेला ते मी पाहिलं. ती ओळ जिंकली की पडली याने ती कोणाची हे बदलत नाही. पुढच्या भाषणात हेच बोलणार.
ताराचंदांचा फोन. "मॅडम, उचला लागली नाही पोरगी." आनंदात होते. मग म्हणाले, "पण पब्लिक नाही आली ना हातात." दोन्ही एकाच श्वासात.

ता. १४ फेब्रु.
प्र. येऊन गेली. आज पाणी प्यायली, सुधाकरने केलेले पोहेही खाल्ले.
देवरीला मोठा कार्यक्रम आहे, मार्चमध्ये. फक्त तिचा. समोर कोणी नाही, सवाल नाही. फ्लेक्सवर वाघाच्या कातड्याचा पदर घेऊन तिचा फोटो, तो आयोजकांनी तयारही केला. 'तोच भाकरीवाला जवाब' तीनदा गायचा, अशी अट.
काकाजी म्हणतात, जा.
"तुला काय वाटतं?"
"मले वाटते, समोर कोणी विचारणाराच नसला तं मी जवाब कोणाले देऊ?" मग बराच वेळ फ्लेक्सचा फोटो बोटांनी मोठा करून बघत बसली. "फोटो मस्त आला ना पण, मॅडम."
मस्त आला आहे, हे खरं.
उद्या तिने आयोजकांना हो-नाही कळवायचं आहे. माझं मत तयार आहे, मुद्द्यांसकट. तिने विचारलं नाही. स्कूटीला किक मारून गेली.