जलदेवीचे डोळे

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण अबुधाबीबाहेरच्या या मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये तुमचं टेबल अजून आहे आणि त्यावर आता मी बसते. पेणहून गणपती रंगवायचा हात घेऊन तुम्ही इथे आलात आणि हॉटेलांसाठी फायबरचे उंट रंगवत राहिलात. एका सुट्टीत मी एका उंटाचा एक डोळा आखला आणि भूक लागली म्हणून उठले. तुम्ही माझा डबा बंद केलात. म्हणालात, "एक डोळा आखून उठायचं नाही. बघायला लागलेल्याला अर्धवट ठेवू नये." मी रडले, तेव्हा स्वतःचा बारीक ब्रश मला देऊन टाकलात. उंटाला एवढा मान आणि पोरीच्या पोटाला नाही, असं आई आठवडाभर ऐकवत होती.

परवा त्याच टेबलावर मेक्सिकोच्या जुन्या अ‍ॅझ्टेक लोकांची जलदेवी आली, एका प्रदर्शनासाठी केलेली फायबरची नक्कल. तुम्हाला आवडली असती. गुडघे दुमडून, मांड्यांवर हात ठेवून बसलेली, धुणं आटोपून नदीकाठी जरा टेकलेल्या बाईसारखी. डोक्याला पट्टे, दोन्ही कानांपाशी जाडजूड गोंडे, खांद्यावरच्या शालीलाही गोंडे. चेहरा कोवळा, पण डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबणी. मूळ दगडी मूर्तीतही तशाच आहेत, म्हणून सुपरवायझरनं बजावलं होतं, "मॅडम, आँखें खाली रखना, सिर्फ पत्थर का कलर." प्रदर्शनवाली मुलगी जाता जाता सांगून गेली, की ते लोक नवजात बाळाला हिचं नाव घेऊन अंघोळ घालत.

हे मी नेमकं त्याच दिवशी ऐकावं! लेक अबुधाबीत हॉस्पिटलमध्ये होती. दिवस भरायला अवकाश होता आणि बाळाभोवतालचं पाणी कमी झालं होतं. जावई तिच्याजवळ होते. मी निघते म्हटलं तर तीच म्हणाली, "मम्मा, डोन्ट कम नाऊ, दे आर जस्ट मॉनिटरिंग." मला इथे कसलं काम सुचणार? जीव टांगणीला लागला होता. मी देवीसमोर बसले, तुमचा ब्रश काढला आणि सुपरवायझरचं बोलणं बाजूला ठेवून तिचा डावा डोळा आखला. पाण्याची मालकीण आंधळी बसून कसं चालेल, एवढंच मनात होतं. तेवढ्यात फोन वाजला. वाजून वाजून बंद झाला. थोड्या वेळानं मी उलट लावला, तर जावयांनी उचलला. तिला आत नेलं होतं.

मुलगी झाली, बाबा. एवढीशी आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय, पण आपला श्वास आपणच घेते. नर्स म्हणते, इन्शाल्ला, लवकर घरी न्याल. देवीचे डोळे बघून सुपरवायझरनं कपाळावर हात मारला. मी ते खरवडले नाहीत, वरून दगडी रंग फिरवला. रंगाखाली ती बघतेच आहे.

काल लेकीनं विचारलं, "मम्मा, आय कॉल्ड यू बिफोर दे टुक मी इन. व्हेअर वर यू?" मी म्हटलं, गाडी चालवत होते. हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. फोन हाताशी होता, त्यावर तिचं नाव दिसत होतं. मी उजवा डोळा आखत होते.